मिठातले सात दिवस

माय,

११ मार्च १९७४, सोमवार, दुपारी सव्वातीन. अनसिंगच्या आपल्या घरात तू अंथरुणावर होतीस. कावीळ डोळ्यांत उतरली होती आणि शेजारची खाला मला तार करायला पोस्टात निघाली होती. तिचा हात धरून तू म्हणालीस, "तार करू नोको. पोरीचे पेपर होऊन राह्यले. आता आली तं साल जाईन तिचं." चौदा तारखेला तू गेलीस. मला शेवटचा पेपर दिल्यावर कळलं, अकोल्याहून आले तोवर माती होऊन आठवडा उलटला होता. माझं साल जावं की माझी माय, हे ठरवताना मला कुणी विचारलं नाही. ही माझी तक्रार आहे. शाळेत तीस वर्षं मुलींना शिस्त लावून मी निवृत्त झाले, पण ही तक्रार निवृत्त झाली नाही.

मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाक करताना तिथल्या गोऱ्या सिस्टरकडून तू डुकराचं मांस मुरवायला शिकलीस. ती बेकन म्हणायची, तू नुसतं मिठातलं म्हणायचीस. सिस्टर तिच्या देशी परतली तरी तुझं चालूच राहिलं. पोटाकडचा चरबीच्या थरांचा तुकडा, खडं मीठ, गूळ, कुटलेले मिरे. पसरट मडक्यात घालून वर वरवंटा ठेवायचा. रोज सकाळी सुटलेलं पाणी ओतायचं, तुकडा उलटायचा, नवं मीठ चोळायचं. सात दिवस, त्यात सूट नाही. मग धुऊन, फडक्यात बांधून चुलीवरच्या धुरात टांगायचं. वसतिगृहातल्या पाणचट वरणावर तुझा विश्वास नव्हता, म्हणून परीक्षेआधी दरवर्षी एसटीनं गाठोडं यायचं.

त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी तुला ताप भरला. हे सगळं मला खालानं नंतर सांगितलं. ती डुकराला हात लावणार नव्हती आणि तू तिला तसं म्हणणारही नव्हतीस. मग रोज सकाळी ती तुला दोन्ही काखांत धरून मडक्यापाशी बसवायची, स्वतः नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करायची, आणि तू मीठ चोळायचीस. "बाई, तुयी पोरगी काय उपाशी मरून राह्यली का?" असं ती भिंतीला विचारायची. पाचव्या दिवशी तुला बसता येईना. तीन दिवस कमी, धूर नाही, तरी तू पडल्यापडल्या ते फडक्यात बांधलंस. खालानं गाठोडं काठीच्या टोकाला अडकवलं आणि अख्ख्या गावातून हात लांब करून एसटीपर्यंत नेलं. लोक हसले असतील. तिनं पर्वा केली नाही.

आता पुढचं. मी तो तुकडा कापला तर कडा खारट, मधे गुलाबी, कच्चं. त्याच संध्याकाळी मी तुला कार्ड लिहिलं. तेव्हाही माझी जीभ अशीच होती. "एवढं एक काम तुला येतं, तेही आता मन लावून होत नाही का?" कार्ड नऊ तारखेला पोचलं. तुला वाचता येत नव्हतं, खालाला चौथीपुरतं येत होतं. तिनं अडखळत वाचलं. मधली ओळ गाळायला हवी होती, हे तिला सुचलं नाही. तू म्हणे हसलीस आणि म्हणालीस, "इतकं बोलून राह्यली, म्हंजे तब्येत बरी हाये पोरीची."

खालानं हे मला समाधान म्हणून सांगितलं. मला त्यातलं हसणं खरं वाटत नाही. तू दुसऱ्यांसमोर नेहमीच हसायचीस. दोन दिवसांनी तू तार थांबवलीस, ती माझ्या पेपरासाठी, की मी आल्यावर आणखी काय बोलेन याच्या धास्तीनं? इतकी वर्षं मी तुला दोष देत आले, कारण हा प्रश्न विचारण्यापेक्षा ते सोपं होतं.

हे कागद कपाटात जातील, ते मला माहीत आहे. तरी उत्तर हवं. खालाही आता नाही, आणि ऐकीव मला चालत नाही. तिकडे लिहिता येणारं कुणीतरी असेल, त्याच्याकडून लिहवून घे. दोन ओळी पुरेत. येत्या रविवारी दुपारी बाराच्या आत, लेखी.