मल्लेश्वरमची पुढची खोली

मी, शारदाबाई कोम श्रीधरराव, वय अठ्ठावन्न, राहणार मल्लेश्वरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी रागात आहे हे खरं, पण राग म्हणजे वेड नव्हे, आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. माझे यजमान श्रीधरराव निवृत्त जिल्हा न्यायाधीश आहेत. मजकूर लिहून द्यायला ते तयार होते. मी नको म्हटलं. या घरातले निकाल आजवर त्यांनीच लिहिले.

कलम पहिले. मल्लेश्वरमचं घर माझं आहे. माझ्या वडिलांनी घातलेल्या पाटल्या, गोठ आणि चंद्रहार मोडून मी जागा घेतली, घर बांधलं. यजमानांचा यात एक पैसाही नाही, हे त्यांनीच सरकारला लेखी कळवलं आहे. तरी माझा मुलगा गुरुराज पाहुण्यांना "आमच्या अण्णांचं घर" म्हणून दाखवतो. घर अण्णांचं नाही, हे त्याने ध्यानात ठेवावं.

कलम दुसरे. हे घर माझी मुलगी प्रेमा हिला, एकटीला. यजमानांनी हयातभर इथेच राहावं. मागची खोली हवेशीर आहे, ती त्यांनी घ्यावी. पुढची खोली रिकामी करून द्यावी. तिथे प्रेमाने वकिलीचं ऑफिस थाटावं आणि दाराबाहेर स्वतःच्या नावाची पाटी लावावी. त्या खोलीतलं शिसवी कपाट माझ्या माहेरचं आहे, तेही तिलाच. आतली कायद्याची पुस्तकं यजमानांची. दुसऱ्याची वस्तू मला देता येत नाही, एवढा कायदा मलाही कळतो.

कलम तिसरे. माझं चांदीचं ताट गुरुराजला. त्याच ताटात जेवताना तो म्हणाला होता, "अम्मा, अक्काला ऑफिस कशाला? तिला कोण केस देणार?" आता घास घेताना त्याला ते आठवू दे.

कलम चौथे. घर मुलीलाच का, ते सविस्तर लिहिते. लग्न झालं तेव्हा यजमान इथेच बेंगळुरात, चिकपेटेत वकील होते. पुढे तुमकूरला मुन्सफ झाले, शिमोग्याला सबजज्ज, बेळगावला जिल्हा न्यायाधीश. प्रत्येक बढतीला मी संसार पोत्यात भरला. जज्जाच्या बायकोने वकिलांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं नाही, ओटीतला नारळ उद्या कोर्टात निघेल, हा त्यांचा दंडक. शकुंतलाबाईंचे यजमान तुमकूरचे वकील. त्यांनी दरवर्षी बोलावलं, मी कधी गेले नाही, आणि त्यांनी मला गावभर गर्विष्ठ ठरवलं. बेळगावात जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर मराठी कानावर पडली, आणि तिथेच मला कोणाशी बोलायची मुभा नव्हती. हे सगळं मी गिळलं. नवऱ्याचा न्याय स्वच्छ राहावा म्हणून गिळलं.

प्रेमा बी.एल. झाली, तिने सनद घेतली, बेंगळूरच्या मुन्सफ कोर्टात उभी राहू लागली. तेवढ्यात यजमान जिल्हा न्यायाधीश म्हणून बेंगळूरला आले. पुढची पायरी हायकोर्टाची. कोणीतरी निनावी अर्ज केला, की जज्जाच्या मुलीला खालची कोर्टं झुकतं माप देतात. चौकशीत काही निघालं नाही. तरी यजमानांनी तिला बोलावून सांगितलं, "स्वल्प थांब, प्रेमा. माझं हायकोर्टाचं होऊन जाऊ दे."

ती म्हणाली, "सरी, अण्णा." आणि काळा कोट ट्रंकेत ठेवला.

पुढच्याच वर्षी गुरुराजला सनद मिळाली. तो याच गावात, याच कोर्टांत उभा राहिला. मी विचारलं, "आता कोणी अर्ज नाही का करणार?"

यजमान म्हणाले, "त्याच्या फायली मी दुसऱ्या कोर्टाकडे पाठवतो. मुलाच्या पोटाचा प्रश्न आहे, शारदा."

मुलासाठी दुसरं कोर्ट सापडलं, मुलीसाठी सापडलं नाही. हायकोर्ट काही आलं नाही, निवृत्ती तेवढी आली. थांब म्हणणाऱ्याने "आता जा" असं तिला आजतागायत म्हटलेलं नाही. माझी मुलगी कन्याशाळेत नागरिकशास्त्र शिकवते. कायद्यापुढे सगळे समान, असं पोरींकडून पाठ करून घेते. मला याचा संताप येतो आणि तो माझ्याबरोबर जळून जाऊ नये म्हणून मी इथे लिहिला आहे.

कलम पाचवे, साक्षीदारांविषयी. शकुंतलाबाई आता विधवा होऊन शेजारच्या गल्लीत राहतात. परवा मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं होतं की हो." सही करायला त्या आनंदाने तयार झाल्या.

दुसरी सही यजमानांची हवी. ती नसली तर म्हातारीचं डोकं फिरवलं म्हणून गुरुराज कोर्टात जाईल आणि प्रेमाच्या हातून घरही जाईल. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तरी काल मी त्यांना वाचायला दिला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"चौथं कलम काढ. उद्या भर कोर्टात वाचलं जाईल."

"वाचलं जावं म्हणूनच लिहिलंय," मी म्हटलं.

ते उठून मागच्या अंगणात गेले. सही करतील की नाही, मला ठाऊक नाही. चौथ्या कलमातला एक शब्दही मी खोडलेला नाही. त्यांच्यासाठी जागा सोडली आहे.

बेंगळूर, दिनांक १० ऑक्टोबर १९६४
(सही) शारदाबाई

आमच्या दोघांसमक्ष सही केली:

१. (सही) शकुंतलाबाई

२. (सही) श्रीधरराव
मजकूर पूर्ण वाचला. चौथ्या कलमात लिहिलेले सर्व खरे आहे. मी चुकीचा निकाल दिला.