डब्यातला तिसरा नट

दादा, काल ताईच्या थेरगावच्या घरी तुमचा नट-बोल्टांचा डबा दिसला आणि इतक्या वर्षांनी मला तिचा तसाच हेवा वाटला. तुम्ही गेल्यावर तोही तिच्याकडेच गेला.

कुरुळीच्या आपल्या स्वयंपाकघरात रविवारी आई भाकऱ्या थापायची आणि तुम्ही आम्हा दोघी लेकींना घेऊन बसायचात. दहा नट, त्यांतल्या तिघांचे आटे गेलेले. डोळे मिटून एक काढायचा, बोल्टवर फिरवून बघायचा, परत डब्यात टाकून डबा हलवायचा. असं पाचदा केलं की एक फेरी. एकदा मी खराब नट बाजूला ठेवला, कारण वर्कशॉपात तपासणीच्या टेबलावर तुम्ही तेच करायचात. तुम्ही खेकसलात, "परत टाक! डबा हाय तसाच ऱ्हायला पायजे, न्हाईतर पुढचं गणित बदलतं." ताई तोवर वहीत लिहीत होती. चांगला निघण्याची शक्यता दर वेळी दहात सात. ती पाचदा गुणली की शंभर फेऱ्यांत साधारण सतरा फेऱ्या एकाही खराब नटाशिवाय जाणार. पुढच्या रविवारी तुम्ही तिला कॅल्क्युलेटर आणलात. मला काहीच नाही. त्या दिवशी मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली.

म्हणून मी एक खराब नट काढून घेतला आणि तुमच्या पिशवीतला चांगला आत टाकला. शंभर फेऱ्या भरायला कितीतरी रविवार गेले. एकतीस फेऱ्या स्वच्छ निघाल्या. ताई रडवेली झाली, मी मनातल्या मनात उड्या मारत होते. तुम्ही तिची वही पुन्हा वाचलीत. "पोरीचं गणित बरोबर हाय," तुम्ही म्हणालात, "चूक डब्यात हाय." आणि झाकण लावलंत. माझ्याकडे बघितलंही नाहीत.

आता चाकणच्या एका कंपनीत तपासणी मीच बघते. काल सवयीने सगळे नट बोल्टवर फिरवले. खराब तीन निघाले. मी चोरल्यावर तर दोनच उरायला हवे होते.

"दादांनी हा पुन्हा कधी काढला होता का गं?" मी ताईला विचारलं.

"छे, त्या दिवसानंतर उघडलाच नाही कुणी."

म्हणजे तुम्ही ओळखलं होतंत, गुपचूप एक चांगला नट काढून त्याच्या जागी खराब टाकला होतात, आणि तिलाही सांगितलं नव्हतंत. मी चोरलेला नट काल पर्समध्ये होता. तिला दाखवून एकदाचं कबूल करायचं ठरवूनच गेले होते. तसाच परत आणला. तुमची एवढी एकच गोष्ट माझ्या एकटीची आहे, ती मी तिला देणार नाही.