ठकीसोबत चार दिवस: नियोजन पक्कं

गुरुवार, ११ एप्रिल. दुपारी, विमानतळ.
साइटवरून निघून वेळेच्या बरंच आधी पोचलो. बायको आणि ठकी घरून येतायत. हे शहर दोन्हीकडून सारखंच लांब आणि सगळ्यांना सारखंच परकं, म्हणून निवडलं. बायकोला वाटतंय ही नुसती सुट्टी आहे. खरा बेत वेगळा. चार दिवसांत ठकीला माझा लळा लागला की बायको आपणहून म्हणेल, आम्ही तुझ्याकडेच राहायला येतो. साइटजवळ दोन खोल्यांचं घर घेऊनसुद्धा ठेवलंय. कठड्याची छोटी खाट जोडून तयार आहे. हे शेवटच्या दिवशी सांगायचं. सरप्राइज.

ठकी अडीच वर्षांची. मी साइटवर गेलो तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. मधे दोनदा धावती भेट झाली. पण रोज तिच्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल असतो. मी वाघ होतो, ती हसते, घास आत जातो. त्यामुळे ओळखीचा वगैरे प्रश्नच नाही. शेवटी प्लॅनिंग इंजिनिअर आहे मी. बार चार्ट केलाय. झोप पिवळी, खाणं हिरवं, म्युझियम निळं.

संध्याकाळी.
आल्या. ठकीने मला 'काका' म्हटलं. प्रवासाचा शीण, दुसरं काय. कडेवर घेतलं तर अंग ताठ करून मागे कमान केली आणि किंचाळली. बायको म्हणाली, जरा वेळ दे तिला. चार्टमध्ये त्यासाठी बफर ठेवलेलाच आहे, असं सांगितलं.

शुक्रवार, १२ एप्रिल.
म्युझियम रद्द. अख्खी सकाळ हॉटेलच्या लिफ्टमध्ये गेली. बटण ठकीनेच दाबायचं, दुसऱ्या कुणी दाबलं तर पुन्हा खालपासून. वरच्या मजल्याच्या खिडकीतून घंटाघर दिसतं. म्हणजे तेही बघून झालं.

दुपारी जेवेना. मी समोर बसून वाघ केला. ठकीने असं भोकाड पसरलं की शेजारचं म्हातारं जोडपं आपापल्या बशा उचलून लांबच्या टेबलावर गेलं. ठकी बायकोच्या फोनकडे हात करून 'बाबा, बाबा' करत होती. हल्लीच्या मुलांना फोनचं फार वेड. हे सगळं सासूबाईंच्या लाडांमुळे. हे बायकोला बोलायचं नाही असं ठरवलं.

संध्याकाळी बोललो. बायको तेव्हापासून गप्प आहे. विश्रांती घेत असावी.

शनिवार, १३ एप्रिल.
ठकी सकाळपासून उपाशी. शेवटी बायको म्हणाली, "तू खाली जा आणि फोन कर." प्रयोग करून बघायला काय हरकत आहे, म्हणून गेलो. फुटपाथवर, एका चपलांच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून वाघ केला. ठकी स्क्रीनवर खदखदून हसली, "बाबा, अजून!" म्हणाली. वाटीभर भात सफाचट. दुकानदार बाहेर येऊन बघून गेला, पण यशाच्या मार्गात हे चालायचंच.

उड्या मारत वर गेलो. ठकी बायकोच्या मागे लपली. पोट भरलं की मुलं लाजतात, असं कुठेतरी वाचलंय. बायको बराच वेळ बाथरूममध्ये होती, नळ सोडून. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. हॉटेलचा शाम्पू वाईट आहे.

रविवार, १४ एप्रिल. सकाळी.
उद्या निघायचं आणि लळा अजून बाकी आहे. अडचण लक्षात आली: आई समोर असली की बापाला भाव नाही. म्हणून आज बायकोने झोपायचं, मी ठकीला एकटा मत्स्यालयात नेणार. हे आधीच सुचायला हवं होतं.

दुपारी.
मासे तिला आवडले, हे खरं आहे. मग तिने मागे वळून आईला शोधलं. त्यानंतर जे रडणं सुरू झालं त्याला तोड नाही. उचललं तर लाथा, खाली ठेवलं तर दाराकडे धूम. पुन्हा उचललं. एक गार्डबाई आल्या. मूल कुणाचं, विचारलं. माझं, म्हटलं. तेवढ्यात ठकी मला चावली. बाई म्हणाल्या, तुमच्या दोघांचा एखादा फोटो दाखवा.

फोटो शेकड्यांनी आहेत. सगळे कॉलचे स्क्रीनशॉट. स्क्रीनभर ठकी आणि कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा मी, वाघाचा जबडा वासून. बाईंनी तो कोपरा बोटांनी मोठा करून पाहिला, मग मला पाहिलं. आणि ठकीला माझ्या हातांतून काढून घेतलं. त्या अनोळखी बाईच्या कडेवर ती गप्प झाली.

बायको हॉटेलच्या सपाता घालूनच धावत आली. ठकी तिच्याकडे झेपावली, तेव्हा कुठे मला जाऊ दिलं. इथली सुरक्षा व्यवस्था वाखाणण्यासारखी आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. भीती वाटली. अजून वाटतेय.

सोमवार, १५ एप्रिल. विमानतळ.
घराचं सांगितलं. खाटेचंही सांगितलं, रंगासकट. बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आम्ही नाही येणार. तिला परक्याच्या घरात नेऊन ठेवल्यासारखं होईल. आधी तू ये. महिनाभर घरी राहा, तिला भरव, न्हाऊ घाल, तिचं रडणं ऐक. मग बघू."

मी समजावलं की येते काही महिने काम फार क्रिटिकल टप्प्यावर आहे.

"मागचा टप्पाही क्रिटिकलच होता," ती म्हणाली.

चार्ट उघडून दाखवणार होतो, पण त्यांची रांग पुढे सरकली. 'नाही' म्हणाली तरी नंतर 'बघू' म्हणाली आहे. एकंदर चर्चा सकारात्मक.

बुधवार, १७ एप्रिल. साइट, जेवणाची सुट्टी.
कॉल लागला. ठकी "बाबा!" म्हणून ओरडली आणि स्क्रीनची पापी घेतली. सगळं पूर्ववत. मग घास चघळत बातम्या सांगायला लागली. विमानात बसली. मासे होते. लिफ्ट होती. आणि तिकडे एक काका होता.

बायको मागून म्हणाली, अगं वेडाबाई, तो बाबाच होता. ठकी हसायला लागली. आईला काही म्हणजे काही कळत नाही, असं.

मी विचारलं, "काका आवडला का गं?"

तिने आधी घास गिळला. "नाही," म्हणाली. "बाबा आवडतो."

वाईट वाटलं. याला दुसरा शब्द शोधत बसत नाही. वाटीत अजून थोडा भात होता, म्हणून वाघ केला.