शेजारच्याचा आवाज

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितेय. घरी सगळे ठीक. ह्यांची कंबर अजून धरलेलीच आहे आणि त्या कंबरेनं सगळ्या घराला धरून ठेवलंय.

शाळेत मात्र बरं नाही. वरच्या आणि खालच्या वस्तीत मारामारी झाली, दुकानांच्या काचा फुटल्या, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या पोरांनी बाकं दोन भिंतींना ओढून नेली आहेत. मी शांततेवर बोलायला लागले की सगळे शहाण्यासारख्या माना हलवतात आणि मधल्या सुट्टीत नळावर एकमेकांना ढकलतात.

परवा वैतागून मी बोलणंच सोडलं. डोळे मिटून सगळ्यांनी एक सूर गुणगुणायचा, असं सांगितलं. अट एकच: शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर आपला कमी करायचा. आधी नुसता गोंगाट झाला. मग तो उतरत उतरत इतका खाली आला, की आमच्या वर्गातला पंखा करकरतो हे मला पहिल्यांदा कळलं! आता रोज करतो. काल वरच्या वस्तीतला आमचा दांडगोबा आपणहून म्हणाला, की पलीकडची खोकरी ऐकू येत नाही, सगळ्यांनी कमी करा. (खोकरी म्हणजे खालच्या वस्तीतली सारखी खोकणारी, बारीक आवाजाची पोर.)

हसू नकोस. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तू एवढी शिकलेली. एकदा येऊन बघशील?

जन्मापासून केलास तेवढाच लोभ पुढेही कर.

तुझी धाकटी


३० जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं, तोच पेपरात तुझ्या गुणगुणणाऱ्या वर्गाची बातमी आणि तुझा फोटो आला. आमच्या मुख्याध्यापिकेनं तो फळ्यावर टाचला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, की ही तुमचीच बहीण ना, मग तुम्ही असं काही का करत नाही?

इतकी वर्षं मी या शाळेला गायनाच्या ढाली आणून देतेय. कपाटाचं दार लागत नाही. माझा फोटो कधी आला नाही. आला कुणाचा, तर जिला गुरुजींनी हात जोडून पेटीपासून लांब बसवलं होतं तिचा! शिवाय फोटोतला स्वेटर माझा आहे, तो परत कर.

गुणगुणणं म्हणजे सूर लावणं नव्हे. मंगळवारी येते आणि पोरांना नीट शिकवते.

आशीर्वाद मनापासून आहेत, फक्त सध्या हात जरा आखडलाय.

तुझी ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग लिहायला आज मन होत नाही.

तू गायलीस तेव्हा पोरं थक्क झाली. माझ्याही अंगावर काटा आला. पण मग तू चांगले आवाज निवडून पुढे बसवलेस, बाकीच्यांना मागे. पुढे बसलेली जवळजवळ सगळी वरच्या वस्तीची होती. तुला ते माहीत नव्हतं, कबूल. पण मी कानाशी येऊन सांगितलं, तर तू पोरांदेखत म्हणालीस, की ज्यांना सूर कळत नाही त्यांनी मध्ये बोलू नये. आणि खोकरीला नुसते ओठ हलवायला सांगितलंस.

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर दगड उडाले. दांडगोबाच्या कपाळाला टाके पडले. बाकं पुन्हा भिंतींना लागली. खोकरी त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही.

ताई, तुझ्या प्रत्येक बक्षिसाला टाळ्या वाजवताना माझ्या पोटात दुखायचं. तरी मी वाजवल्या. तुला माझ्यासाठी एकदा वाजवता आल्या नसत्या का?

लोभ आटला असं लिहिणार नाही, पण आज मागणारही नाही.

धाकटी


२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहिताना संकोच वाटतोय, तरी लिहिते.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. तुझ्या पोरांना जमतं ते माझी पोरं चुटकीसरशी करून दाखवतील, या खुमखुमीनं मी माझ्या गायनवृंदाला तीच अट घातली. कुणी आवाज कमी करेना! माझ्या लाडक्या विद्यार्थिनीला कारण विचारलं, तर ती म्हणाली, की बाई, मी कमी केला तर शेजारची पुढे जाईल. हे तिला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. शेवटी मी स्वतः त्यांच्यात उभी राहिले. माझ्याच्यानंही कमी होईना.

काल पत्ता काढत खोकरीच्या घरी गेले. तिच्या आईनं मला दारातच उभं ठेवलं, बरोबरच केलं. तिच्यासमोर मी पोरीला म्हटलं, की चूक माझी होती, तुझ्या आवाजाची नाही. पोरीनं दांडगोबाला फार लागलंय का, एवढंच विचारलं.

माझा हेवा गेला असं समजू नकोस. तुझा वर्ग पुन्हा शांत झाला की माझ्या पोटात दुखणारच. तरी तो व्हावा असं वाटतं, आणि ही दोन्ही एकाच पोटात कशी मावतात कोण जाणे.

सोमवारी खोकरी शाळेत येतेय. वस्तीतून एकटी यायला घाबरते, म्हणून फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर असेन. त्यापुढे मला आत घ्यायचं की तिथूनच परत पाठवायचं, ते तू ठरव.

लोभ मागायची पाळी आज माझी आहे.

तुझी ताई