भरल्या पोळ्यातून

४ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी थोरली मधपेटी मी बिघडवून बसले आहे. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

परवा झाकण काढलं तर पोळ्याच्या कडेला राणीच्या कोठड्या लोंबत होत्या. नवी राणी तयार झाली की जुनी अर्ध्या माश्या घेऊन निघते, एवढं तुझ्या तोंडून ऐकलेलं. या घरातून आता आणखी कुणी जायला नको, असं मनात आलं आणि मी एकूण एक कोठडी चिरडली. मग जुनी राणी शोधायला लागले, तर ती नाहीच. शेजारचे सुतारकाका म्हणाले, थवा मागच्याच आठवड्यात कुंपणावरून उडून गेला. म्हणजे जुनी गेलेली, आणि नव्या राणीला मी जन्माआधीच मारलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तू का गेलीस ते मला माहीत आहे. या घरात पाय ठेवायला जागा नाही, असं मी त्या दिवशी भांडी आदळत म्हणाले, आणि महिन्याभरात तू छोटी पेटी घेऊन मावशीशेजारच्या खोलीत राहायला गेलीस. तुझी खोली मी कुलूप लावून ठेवली आहे. परत ये. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तुझी अपराधी,
धाकटी

५ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंनी पत्र हातोहात दिलं. घास उतरत नाही म्हणतेस. ते म्हणतात, तसं काही दिसत नाही.

छोट्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट त्यांच्याबरोबर पाठवते. उबदार कापडात गुंडाळली आहे, मांडीवर धरून आणतील. सासूच्या उपयोगी पडायची संधी त्यांना रोज कुठे मिळते? चौकट थोरल्या पेटीत मधोमध लाव. अंडी फुटली की त्यातल्याच एखाद्या अळीला खास खाऊ घालून माश्या राणी करतील. तुला नुसती वाट बघायची आहे, आणि तेच तुला जड जाणार.

इतकी वर्षं माश्या पाळल्या, पण एक गोष्ट मला उशिराच पटली. म्हातारी राणी बांधलेलं पोळं, साठवलेला मध, सगळं लेकीला ठेवून बाहेर पडते. आपण माणसं मात्र किल्ल्या उशाशी घेऊन झोपतो. मला तसं व्हायचं नव्हतं. तुम्ही राहायला आलात तेव्हाच मी निघायचं ठरवलं होतं.

तरी तुझं बोलणं लागलं. खोटं कशाला लिहू? त्यामुळे निघणं थोडं आधी झालं, आणि पेटी तुला नीट शिकवायची राहून गेली. म्हणजे कोठड्यांच्या पापात अर्धा वाटा माझा.

कुलूप काढ. खोली मुलांना दे.

आई

१२ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल चौकटीवर नवी अंडी दिसली. राणी काही दिसली नाही, पण आहे. माश्या शांत झाल्यात.

कुलूप काढायला मात्र माझा हात होत नव्हता. शेवटी गेल्या आठवड्यात काढलं. मुलांनी तुझ्या पलंगावर उड्या मारल्या, पुस्तकं पसरली, घर एकदम मोकळं वाटलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वयंपाकघरात जाऊन रडले. आई, तू गेलीस त्यापेक्षा तू गेल्यावर मला सुख झालं, याची लाज जास्त वाटते. हे आईला कळवू नकोस, असं हे म्हणाले. पण तुझ्यापासून काय लपवू?

परत ये असं आता लिहीत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल, आणि नाही लिहिलं तर मी कसली लेक?

तुझी,
धाकटी

१५ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

लाज वाटते तर वाटू दे, माणूस आहेस. पण झालेलं सुख मला परत पाठवू नकोस. तेवढं एकच द्यायला मी निघाले होते.

रविवारी येते. राणी कशी ओळखायची ते दाखवते, आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर परत जाते. माझी माया आहेच, ती पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहून मागायची वेळ तुझ्यावर यायची नाही.

दार वाजवीन. तू उघडलंस की आत येईन. घर तुझं आहे.

आई