सव्वातीन अभ्रे

दि. ३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं शिवणाचं दुकान जोरात ना? माझं मात्र काही खरं नाही. बावीस तारखेला तपासणी अधिकारी माझ्या गणिताच्या तासाला बसणार, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार. शाळेच्या मोठ्या बाईंना वर्ग चिडीचूप हवा. मुलं चिडीचूप बसतात आणि अपूर्णांकही चिडीचूप डोक्यावरून जातात. एक मुलगी गणित करताना सारखी पुटपुटते, तिचं नावच पुटपुटी पडलंय. तिला गप्प केलं की पेन्सिलही थांबते. तू नवख्या बायांना कापड बेतायला कसं गं शिकवतेस?

तुझी,
ठमी

दि. ९ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मी कुठली शिकवतेय? मला येत नव्हतं तेव्हा काय अडायचं, हेच मी विसरले. म्हणून नवखीला मी गेल्या वर्षीच्या नवखीशेजारी बसवते. ती बोलत बोलत कापते, ही ऐकत ऐकत हात लावते. महिन्याभरात हीच स्वतःशी बडबडत एकटी बेतते. पुढे बडबड आपोआप पोटात जाते. पुटपुटीला गप्प करू नकोस, ती तोंडाने विचार करते. जोड्या लाव आणि खुशाल भांडू दे. लहानपणी माझ्या कात्रीने स्वतःची वेणी कापलीस तेव्हा घाबरली नव्हतीस, आताच काय झालं?

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.
मावशी

दि. २६ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तपासणी झाली. अधिकारी मागच्या बाकावर, मोठ्या बाई दारात. मी गणित घातलं, अडीच मीटर कापड, उशीच्या एका अभ्र्याला पाऊण मीटर, तर अभ्रे किती? जोड्या हमरीतुमरीवर आल्या आणि मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीन अभ्रे होऊन पाव मीटर उरलं, म्हणून मी घाईघाईत फळ्यावर सव्वातीन लिहिलं. पुटपुटी पुटपुटतच उभी राहिली. म्हणाली, उरलंय ते पाव मीटर, पाव अभ्रा नव्हे. असे तीन तुकडे जोडले तर एक अभ्रा होईल, म्हणजे तीन आणि एक तृतीयांश. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. नोकरी गेलीच समजून मी फळा पुसला.

अधिकारी उठले, पुटपुटीशेजारी जाऊन बसले आणि पुन्हा सांग म्हणाले. त्यांच्याही वहीत सव्वातीनच होतं.

मी कायम झाले गं. कागद आज आला, वाचून रडले. शेरा एका ओळीचा आहे: वर्गात फार गोंगाट आहे, कृपया कोणी बंद करू नये.

लोभाची भुकेली,
ठमी