संघर्ष उशिरा का बोलला, आणि बाकीची मिळकत

मी, चांगुणा जानराव अंभोरे, वय ७१ वर्षे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार बीबी, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर माझे सर्व शाबूत आहे. माझ्या मालकीचे काय आहे आणि माझे वारस कोण, हे मला नीट ठाऊक आहे. मला कोणी बसवून लिहायला लावलेले नाही. उलट मुलगा व मुलगी दोघेही 'आत्ताच कशाला' म्हणत होते. याआधी एक मसुदा केला होता, तो रद्द समजावा. तो का रद्द झाला ते पुढे येईल.

कलम १. बीबी येथील राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा संघर्ष व मुलगी महामाया यांना निम्मे-निम्मे द्यावे. महामाया बुलढाण्याला महाविद्यालयात शिकवते, ती इथे राहायला येणार नाही हे मला कळते. तरी तिची खोली तिचीच राहील. पोस्टात व बँकेत जे असेल तेही दोघांत सारखे वाटावे.

कलम २. गावाच्या उत्तरेचे एक एकर शेत दोघांच्या सामाईक नावे राहील. या शेतात माझे यजमान, कै. जानराव, वांगी आणि मेथी लावत. घरापासून तिथपर्यंत पायी पाऊण तास लागतो. या पाऊण तासाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

संघर्षचा जन्म १९८० चा. चार वर्षांचा झाला तरी त्याला 'बा', 'पाणी' आणि 'नाई' एवढेच शब्द येत होते. ऐकू नीट येई, हाक मारली की वळे. माझ्या सासूबाई दृष्ट काढत. एका कंपाउंडरने जीभ जड आहे असे सांगितले. मी त्या वेळी दिवसातून तीनदा दातांना तंबाखूची मिश्री लावत असे. पोटात संघर्ष होता तेव्हाही लावत होते, कारण मिश्रीने मळमळ दबते असे आम्हा सगळ्या बायकांचे मत होते.

१९८४ साली सेविका म्हणून निवड झाली आणि मी बुलढाण्याला प्रशिक्षणाला गेले. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले की गरोदरपणी आईने तंबाखू घेतली तर बाळाचे वजन कमी भरते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. मी उठून विचारले, किती तंबाखूने किती परिणाम, आणि झालेला परिणाम नंतर भरून निघतो का? त्या म्हणाल्या, 'बाई, हे मलाही सांगता येणार नाही.' कोणी शिकलेल्या माणसाने मला असे खरे उत्तर देण्याची ती पहिली वेळ होती. त्यांचे नाव मी विचारले नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

घरी आल्यावर मिश्रीचा डबा उकिरड्यावर टाकला. जानरावांना कारण सांगितले. ते तोंडातली तंबाखू थुंकून म्हणाले, "तू सोडशीन तं मीबी सोडतो." खिशात भाजलेली जवस ठेवून त्यांनी अकरा दिवसांत तंबाखू सोडली. त्यांचे डोके दुखे, चिडचिड होई, पण सोडली.

आणि मग जे झाले ते मी ठरवलेले नव्हते. जानराव बोलू लागले. लग्न झाल्यापासून हा माणूस 'हूं' आणि 'उहूं' यांवर संसार करत होता, कारण तोंडात कायम तंबाखूची गोळी. तोंड रिकामे झाले तसे ते शेतात जाताना संघर्षला बरोबर नेऊ लागले आणि पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना त्याला दिसेल ते सांगू लागले. हा टिटवीचा आवाज. हे बाभळीचे झाड, हे हिवराचे. सहा महिन्यांत संघर्ष आख्खी वाक्ये बोलू लागला.

१९८६ साली महामाया झाली. दोघेही निर्व्यसनी, मी रोज दोन वेळा पोटभर जेवलेली. ती अकराव्या महिन्यात बोलली. आता कोणीही म्हणेल की उत्तर सापडले. पण मिश्री नव्हती म्हणून ती लवकर बोलली, की बाप पाळण्यापासून तिच्याशी बोलत होता म्हणून? दोन्ही गोष्टी एकदमच बदललेल्या. मला त्या वेगळ्या करता येईनात.

कलम ३. म्हणून मी वह्या घातल्या. आधी माझ्या दोघांचे, मग एकतीस वर्षांत माझ्या अंगणवाडीत आलेल्या प्रत्येक मुलाचे एक पान आहे. आईबाप तंबाखू, दारू घेतात का, झोपतात कधी, एकत्र जेवतात का, पायी किती फिरतात, मुलाशी बोलतात का. आणि मूल कधी बोलले, कधी दहापर्यंत मोजले, गुंडी स्वतः कधी लावली. घरातली माणसे नीट खाणारी, वेळेवर झोपणारी असली तर मूल बहुधा चुणचुणीत निघते असे मला दिसले. बहुधा. गोविंदा नावाच्या मुलाचा बाप दिवसाही शुद्धीवर नसे, तरी तो पाच वर्षांचा असताना पन्नासपर्यंत न चुकता मोजत होता. त्याच्या आईला मी पुन्हा पुन्हा विचारले. ती म्हणे काहीच शिकवले नाही. एक दिवस बोलता बोलता म्हणाली की ती भाकरी थापायची तेव्हा तो भाकरी मोजायचा, चुकला की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायची. अशा अपवादांची वेगळी वही आहे, हिरव्या पुठ्ठ्याची. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची.

कलम ४. माझी पहिली वही तपासणीला आलेल्या एका बाईंनी 'सेविकेने वजन लिहावे, डोके लावू नये' म्हणून नेली, ती रद्दीत गेली; त्यातली पाने मी आठवून नव्या वहीत पुन्हा लिहिली. त्यांना मी क्षमा केलेली नाही. त्या माझ्या तेरवीला आल्या तर जेवू घालावे, पण हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५. पहिल्या मसुद्यात मी सर्व वह्या महामायेला दिल्या होत्या आणि शेवटी संघर्षसाठी मिश्रीची हकीकत लिहिली होती. दहावीला दोनदा नापास झाल्यावर लोक त्याच्या तोंडावर 'बहीण हुशार, हा ढ' म्हणत, तेव्हा मी मान खाली घालून ऐकले होते. आज तालुकाभरातून विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे वाइंडिंगला येतात, तरी ती मान मला वर करता आली नव्हती. लोणारचे धम्मरत्न वकील मसुदा वाचून म्हणाले, 'आजी, हे मृत्युपत्रात लिहू नका. मेल्यावर सांगितलं तर त्याने उत्तर कोणाला द्यायचं?'

मी तशीच संघर्षच्या दुकानात गेले. तो तांब्याची तार गुंडाळत होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्याने तार खाली ठेवली.

"तुले तवा मालूम होतं का?"

"नाही."

"मालूम झाल्यावर?"

"त्याच दिवशी सोडली."

त्याने तार पुन्हा उचलली, दोन वेढे घातले. मग म्हणाला, "मंग मले सांगाले चाळीस वर्स काऊन लावले, माय?"

मी पायी घरी आले.

संध्याकाळी तो घरी आला आणि त्याने स्वतःचे पान मागितले. वाचून म्हणाला, "वावरात जाता जाता बा विचारे, हे काय आहे बे? मंग सांगाच लागे." ही त्याची आठवण आहे, पुरावा नव्हे, तरी मी तारखेसह नोंदली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'कारण' असा एक रकाना आहे. त्याच्या पानावर तो मी कोरा सोडला होता. संघर्षने माझे पेन घेतले आणि त्यात लिहिले: 'माहीत नाही. माय शोधत होती.'

म्हणून आता वह्या संघर्षला देत आहे. हल्लीची सेविका पुष्पांजली हिला त्या पाहायला व पुढे चालवायला मिळाव्यात. घरोघरची नावे बाहेर जाऊ देऊ नयेत. एक नाव मात्र झाकू नये. ते संघर्षचे; तसे त्यानेच सांगितले आहे.

हा दस्त मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे. संघर्षला साक्षीदार व्हायचे होते. वकिलांनी सांगितले की ज्याला मिळकत मिळते त्याने होऊ नये. तो बाहेर ओट्यावर बसला आहे आणि त्याची लेक त्याला काहीतरी विचारते आहे.

साक्षीदार:
१. सोजराबाई ग्यानबा सानप, रा. बीबी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. शंकरराव आत्माराम नागरे, निवृत्त पोस्टमास्तर, रा. बीबी (सही)

लिहून देणार: चांगुणा जानराव अंभोरे (सही)

स्थळ: बीबी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५